सुपारी फुटली तेव्हा कोण रडलं?

१

होकार द्यायला माणसं चार गाड्या भरून येतात. मग नकार द्यायला माणसानं निदान एकट्यानं तरी यावं. कारेगावच्या मारुतरावांना एवढीही रीत उरली नाही. माझ्या नातीची सोयरीक त्यांनी मोबाईलमध्ये बोलून मोडली. बोलले, बोट उचललं, पाठवून मोकळे. मी उलट काही बोलेन म्हणून वर फोनही बंद करून ठेवला.

आज हे सांगताना मला हसू येतं. त्या सकाळी येत नव्हतं.

मी कासुर्डीची तुळजाबाई. शाळेचं तोंड पाहिलं तेवढंच, आत फार बसले नाही. पण आमच्या भावकीतला एकही तंटा माझ्या ओट्यावर आल्याशिवाय मिटत नाही. माझी नात मोनाली शिकलेली, कामाला खमकी. तिला मारुतरावांचा नातू सम्राट पसंत पडला. पोरगा रांजणगावच्या कंपनीत आहे. बाप लहानपणीच गेला, आजोबांनीच वाढवलं. आमच्या दारात मांडव घातला, पाहुणे आले, सुपारी फुटली. आमच्याकडे एकदा सुपारी फुटली की अर्धं लग्न झालंच म्हणायचं. पत्रिकासुद्धा छापून आल्या.

मी शेंगा फोडत बसले होते. सून अनुपमा, म्हणजे मोनालीची आई, मोबाईल घेऊन आली. तोंड पांढरंफटक.

"आत्याबाई, ऐका."

मारुतरावांचा आवाज होता. "तुळजाबाई, माझ्या गेलेल्या पोराचा फोटो पाटावर मांडला. त्याच्याकडं बघून मी डोळं पुसलं, आन् तुमची मोनाली खदाखदा हसली. समद्या पाव्हण्यांनी ऐकलंय. असली सून माझ्या उंबऱ्यात नको. तुमचा नारळ तुमच्याकडं धाडतो."

आवाजाच्या खाली एक छोटा व्हिडिओ होता. कुणीतरी टीव्हीवर चाललेली सुपारीची फिल्म मोबाईलमध्ये टिपलेली. पाटावर सम्राटच्या बापाचा फोटो, गंध लावलेला. समोर मारुतराव उपरण्यानं डोळे पुसतायत. कुणी बोलत नाही, कुणाचे ओठ हलत नाहीत. आणि त्या शांततेत एक हसू.

अनुपमा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी "दुसऱ्या कुणाचं तरी असंल" म्हणावं, एवढीच तिची आस.

पण मोनालीचं हसू शंभरात ओळखू येतं. आधी उचकी लागल्यासारखं अडकतं, मग कळशी उपडी झाल्यासारखं सांडतं. फोटो मांडला तेव्हा आम्ही दोघी आत होतो, स्वतःच्या कानाची साक्ष नव्हती. मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

हसू माझ्या नातीचंच होतं.

२

मोनालीला समोर बसवलं.

"खरं सांग. हसलीस?"

"आज्जी, फोटोपाशी मी रडले. चांगली हुंदके देऊन रडले."

"मग हे हसू कुणाचं?"

"माझंच हाय." तिनं खाली मान घातली. "पण मी तवा हसले न्हाई."

"म्हंजी तुझं हसू तुला सोडून फिरायला गेलं व्हतं?"

"अगं, सुपारीला माणूस एकदा तरी हसतंच की! पण फोटोपाशी न्हाई. त्यांचा बाप गेलेला, मी कशी हसंन?" आणि ती रडायला लागली. रडतानाही ती बारीक, वर चढत जाणारा सूर काढते. लहानपणापासून तशीच.

माझी धाकटी जाऊ गिताबाई दारात उभी होती. तिचे गुडघे गेलेत. बसली की उठवत नाही, उठली की बसवत नाही, म्हणून ती कायम दारात उभी.

"आक्का, हसली व्हती," ती म्हणाली. "मी शेजारीच व्हते. माझ्या ह्या कानानं ऐकलंय."

"फोटोपाशी?"

"ते काय ध्यानात न्हाई. पण हसली व्हती."

घ्या. घरचाच साक्षीदार उलटला.

"हा व्हिडिओ धाडला कुणी?" मी विचारलं.

"सविताताईंनी," अनुपमा म्हणाली. "सम्राटची आत्या. समद्या पाव्हण्यांना धाडलाय. माझ्या माहेरीसुद्धा पोचला."

आता बघा. सविता ही मारुतरावांची लेक. दिली गावातच, त्यामुळं बापाच्या घरात तिचाच शब्द चालतो. तिला सम्राटसाठी स्वतःच्या नणंदेची पोरगी करायची होती, हे अख्ख्या शिरूर तालुक्याला ठाऊक. सुपारीच्या दिवशी पेढासुद्धा तिनं असा घेतला होता जसा काही कडू काढाच. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुठलं तरी हसू उचलून हिनं फोटोपाशी डकवलं असणार!

माझ्या नातीचं नाव आता नुसतं कारेगावात नाही, दोन तालुक्यांत गेलं होतं. मेलेल्या माणसाच्या फोटोला हसणारी पोरगी म्हणून. सम्राट हातचा गेला तर गेलाच, पण हा डाग घेऊन ती पोर कुठं तोंड दाखवणार?

मी पायात चपला घातल्या. आधी यवतला जायचं ठरवलं. फिल्म काढणारा रोहिदास तिथला. तो सांगेल, हसू डकवता येतं का.

३

रोहिदासचा स्टुडिओ यवतच्या स्टँडामागं. मी आत गेले, तर हा गडी खुर्चीवरून उठला तो उभाच राहिला.

"रोहिदास, फिल्ममधलं एका जागचं हसू उचलून दुसऱ्या जागी डकवता येतं का रं?"

"येतं की आक्का. पण त्याला कॉम्प्युटर यायला पायजे. का वो?"

मी व्हिडिओ दाखवला. तो बघत गेला तशी त्याच्या कपाळावर पाण्याची नक्षी उमटली. डोक्यावर पंखा गरगर फिरत असताना.

"पुरी फिल्म लाव," मी म्हणाले.

"माझ्याकडं न्हाई आक्का. पेनड्राईव्हमध्ये भरून नवऱ्याकडं पयली दिली. तुमची उद्या-परवा देणारच व्हतो, तवर हितली पुसली गेली."

"लग्नाचं काम अजून बाकी, आन् सुपारीची फिल्म पुसलीस?"

"जागा पुरत न्हाई आक्का."

एवढ्यात त्याची बायको सुवर्णा चहा घेऊन आली. बाई मोठी गोड. तीही नवऱ्याच्या जोडीनं शूटिंगला जाते.

"आक्का, मोनालीच्या सुपारीला यायचं लई मनात व्हतं," ती म्हणाली. "पण त्याच तिथीला दौंडची सुपारी आली ना. मग कॅमेरा घेऊन मला तिकडं जावं लागलं."

रोहिदासनं बायकोकडं असं बघितलं की ती ट्रे घेऊन तशीच आत वळली.

मी चहाची कपबशी खाली ठेवली. यांच्याकडं कॅमेरा एकच. तो भिंतीवर खुंटीला टांगलेला, लाल पट्ट्याचा, मला समोर दिसत होता. तो कॅमेरा दौंडला होता. मग आमच्या मांडवात या बाबानं डोळ्याला काय लावलं होतं?

४

"मोबाईल," रोहिदास म्हणाला. "तीन पायांच्या तिकाटण्यावर मोबाईल लावून काढली, आक्का. वर कापड टाकलं, कुणाला कळू नये म्हणून. दाट तिथी, दोन्हीकडं हो म्हणून बसलो. पण आईशपथ, चित्र चांगलं आलंय! हसूबिसू मी काय डकवलं न्हाई."

"मोबाईलमधली मूळ फिल्म?"

"ती तर त्याच दिवशी पुसली. मोबाईल गच्च भरला व्हता. आता आहे ती कारेगावात, पेनड्राईव्हमध्येच."

"मग गाडी काढ. तुझा हिशेब मागनं करते."

आधी माघारी कासुर्डीला जाऊन गिताबाईला घेतलं. ती उलटी साक्ष देणारी, म्हणूनच घेतली. आपलीच माणसं घेऊन गेलं तर पंच मानत नाहीत. मोनालीला घरी ठेवलं, नाकारलेल्या दारात पोरगी नेत नाहीत. चौफुल्यावरून वळलो, भीमा ओलांडली, न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. रोहिदास खड्डे चुकवायला बघत होता. गिताबाई मात्र दर खड्ड्याला माझ्या नावानं ओरडत होती.

कारेगावात मारुतराव ओसरीवर बसले होते. माणूस दांडगा, मिशा भरघोस, पण कानानं वर्षानुवर्षं अधू. सुपारीच्या दिवशीही त्यांना ढगाचा गडगडाट ऐकू आला नसता. आता मात्र कानात नवं कोरं यंत्र दिसलं. नातवाच्या लग्नात मंगलाष्टका ऐकायच्या म्हणून हौसेनं घेतलेलं. आणि त्या यंत्रातून या माणसानं पहिल्यांदा नीट ऐकलं ते काय, तर ते हसू.

मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. आत सम्राट होता, दाढी वाढलेली. त्यानं खाली वाकून माझ्या पायाला हात लावला. मी मनात म्हटलं, एक खांब अजून उभा आहे.

सविता पाणी घेऊन आली. मी तांब्याला हात लावला नाही.

"सविता, माझ्या पोरीचं हसू कुठनं उचललंस आन् कुठं डकवलंस, ते सांग."

"मी?" तिच्या कपाळाला आठी पडली. "मावशी, मला मोबाईलमधला फोटो सरळ करता येत न्हाई, मी हसू डकवती व्हय? आबा फिल्म बघताबघता ताडकन उठले, दोन दिस जेवले न्हाईत. मी पुन्हा लावली तर खरंच हसू ऐकू आलं. टीव्हीवर जे दिसलं तेच मोबाईलमध्ये टिपलं. खोटं एक अक्षर न्हाई."

"तुला ही सोयरीक नकोच व्हती."

"नकोच व्हती! तोंडावर सांगते. पण म्हणून मी माझ्या भावाच्या फोटोचा खेळ करीन?"

तिचे डोळे भरले. ती रडण्याची बाई नव्हे. माझ्या मनातला लख्ख उजेड जरा मिणमिणला.

तेव्हा कोपऱ्यातून तिचा नवरा पृथ्वीराज पुढं आला. कंपनीतला सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट, घरातलं कुठलंही यंत्र बिघडलं की यालाच हाक. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"मावशी, तिला बोलू नका. त्या फिल्मला हात लावला तो मी."

५

मारुतरावांनी यंत्र कानात नीट खोचलं.

"काय केलंत जावईबापू?"

"आबांचा टीव्ही जुना. पेनड्राईव्ह लावला तर फिल्म घेईचना. मोबाईलची फिल्म वेगळ्या बांधणीची असती, ह्या टीव्हीला ती कळत न्हाई. मग मी लॅपटॉपवर दुसऱ्या बांधणीत बदलून घेतली. बस, एवढंच. त्यात हसू-रडू काय घातलं न्हाई."

"बदलल्यावर शेवटपर्यंत बघितली?" मी विचारलं.

तो शर्टाची बाही सारखी करू लागला.

"बघितली का?"

"सुरुवात बघितली. हलगी बरोबर वाजत व्हती. म्हटलं झालं काम."

"गोणीचं तोंड बघून कांदा घेतलात," मी म्हणाले. "लावा. मी तळापर्यंत बघणार."

टीव्ही लागला. मी अगदी समोर बसले. शेतात निंदायला बसल्यावर नजर जशी लावते तशी लावली.

सुरुवातीला हलगी. काडी पडते, आवाज होतो. पुन्हा पडते, पुन्हा होतो. अगदी ठाकठीक. पाहुणे उतरले, टोप्या-टॉवेल झाले. मग मांडव एकदम अंधारला. मला आठवलं, लाईट गेली होती. आम्ही तसंच ओटी भरायचं उरकलं होतं. अंधुक उजेडात बायका ये-जा करतायत.

"थांबवा!" मी ओरडले. "गिताबाई, ही कोण?"

गिताबाई पुढं सरकली. पडद्यावर ती स्वतः ताट घेऊन चालली होती. चालली कसली, पळत होती! नव्या नवरीसारखी तुरुतुरु.

"मीच की," ती म्हणाली. मग तिला हसू फुटलं. "आक्का, माझं गुडघं कवा बरं झालं?"

कुणाला काही उलगडलं नाही. मी गाठ बांधून ठेवली. पुढं लावलं.

लाईट आली. सूत्रसंचालन करणाऱ्यानं मारुतरावांच्या हातात माईक दिला. मारुतरावांनी माईक तोंडाला लावायच्या ऐवजी कानाला लावला, फोन लावतात तसा, आणि डोळे मिचकावले. त्या दिवशी सगळा मांडव यावर लोळला होता. पण पडद्यावर? सगळ्यांचे दात दिसतायत आणि आवाज येतोय भांड्यांचा. हसू नाहीच.

मग फोटो आला. मारुतरावांनी गंध लावलं, उपरणं डोळ्याला नेलं. आणि तेव्हा ते हसू सांडलं.

सम्राटनं मान खाली घातली. मारुतराव म्हणाले, "ऐकलंत? ऐकलंत ना आता?"

"पुढं लावा," मी म्हणाले.

पुढं सुपारी. आमच्या भावकीतल्या थोरल्यानं दगड उचलला, सुपारीवर घातला. आवाज नाही. त्याऐवजी कुणीतरी रडतंय. बारीक, वर चढत जाणारा सूर.

"ती मोनालीची आई," सविता म्हणाली. "सुपारी फुटली की आईला रडू येतंच. तिकडं कुणी ध्यान देत न्हाई."

"अनुपमा तवा आत पेढ्यांची ताटं लावत व्हती. मीच पाठवली व्हती तिला," मी म्हणाले. "मग सुपारी फुटताना रडलं कोण?"

आणि पडद्यावर पेढे वाटून झाले, लोक तोंड पुसायला लागले, तेव्हा कुठं आवाज आला. टक्.

सुपारी फुटल्याचा.

६

मी उठून उभी राहिले. गुडघे माझेही दुखतात, पण त्या वेळी कळले नाहीत.

"मारुतराव, तुमच्या माईकवर हसायचं हसू गेलं तुमच्या रडण्यावर. तुमच्या रडण्यावरचं रडू गेलं सुपारीवर. सुपारीचा आवाज गेला पेढ्यावर. कुणी काय चोरलं न्हाई, कुणी काय डकवलं न्हाई. आवाज समदे खरे, चित्रं समदी खरी. आवाज मागं राहिलाय. एक ओवी म्हणून व्हईल एवढा."

"हलगीपाशी बरोबर हाय की," मारुतराव म्हणाले. तोंड अजून वाकडंच होतं, पण बोलले तरी.

"बरोबर हाय. आन् लाईट आल्यावर चुकतंय. म्हंजी चोर अंधारात शिरला. गिताबाई पळती ना, तिथंच."

पृथ्वीराजनं लॅपटॉप आणला. पेनड्राईव्हवर मूळ फिल्म अजून होती, त्यानं पुसली नव्हती. देवाची दया. त्यावर सुपारीची जागा लावली. दगड पडला आणि लगेच टक्.

"मूळ धड हाय!" पृथ्वीराज ओरडला. "मी बदलताना बिघडली. आबा, या, ह्याच्यावर बघा."

"मला त्या डबीत काय दिसत न्हाई," मारुतराव म्हणाले. "टीव्हीवर दिसलं तेच खरं."

मलाही तेच हवं होतं. ज्या चौकात नाव गेलं त्याच चौकात ते परत आलं पाहिजे.

पृथ्वीराज घाईला आला. बदललेल्या फिल्ममधला आवाज धरून त्यानं पुढं ओढला, सुपारीला नेमका बसवला. टीव्हीवर लावलं. दगड, टक्. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आता हलगी लावा," मी म्हणाले.

हलगी लावली. काडी वर आहे तोवरच आवाज!

"शेपूट धरलं तर तोंड सुटलं," मी म्हणाले. "म्हणूनच सांगते, दोन्ही टोकं बघावी."

पृथ्वीराज घामाघूम झाला. मग इतका वेळ पायरीवर चोरासारखा बसलेला रोहिदास पुढं आला. "भाऊ, ही कॅमेऱ्याची न्हाई, मोबाईलची फिल्म हाय," तो म्हणाला, आणि सगळ्यांपुढं कबूल झाला. "मोबाईल उजेडात भराभर चित्रं टिपतो. अंधार पडला की सावकाश टिपतो, दोन चित्रांत अंतर पडतं. आवाज मात्र घड्याळाच्या चालीनं भरत जातो. तुम्ही बदलताना समदी चित्रं सारख्या अंतरानं मांडली. मग अंधारातली चित्रं लवकर संपली…"

"म्हणून मी पळाले!" गिताबाई म्हणाली.

"…आन् आवाज मागं राहिला."

मला एकदम वाफा दिसला. "म्हंजी कांद्याची रोपं कुठं वितीवर लागली, कुठं हातावर. आन् जावईबापूंनी समदी वितीवर धरून वाफा मोजला. मग वाफा आखूड भरणारच."

"अगदी तसंच आक्का."

"मग इलाज?"

"मूळ फिल्म घ्यायची. जे चित्र ज्या क्षणाला टिपलं ते त्याच क्षणाला बसवायचं. मधी जागा रिकामी राहिली तर मागलंच चित्र पुन्हा ठेवायचं. आवाजाला हात लावायचा न्हाई. आन् मग टीव्हीच्या बांधणीत बदलायची."

"नांग्या भरायच्या म्हण की सरळ," मी म्हणाले. रोप मेलं, जागा मोकळी दिसली की दुसरं रोप लावतो, त्यालाच नांग्या भरणं म्हणतात. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही कळतं.

दोघं लॅपटॉपवर डोकी जोडून बसले. सविता चहा घेऊन आली. मी कप समोर ठेवून घेतला, प्याले नाही. मोडलेल्या सोयरिकीत चहा उतरत नाही. चहावर साय धरली. लॅपटॉपवरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. सम्राट तिच्याकडं असा बघत होता, जशी काही ती डॉक्टरच्या दारावरची पाटीच.

पट्टी भरली. पेनड्राईव्ह टीव्हीला लागला.

हलगी ठाकठीक. मांडव अंधारला. गिताबाई ताट घेऊन आली, एक पाय टाकत, एक ओढत, दर पावलाला तोंड वाकडं करत.

"हे माझं चालणं!" ती अशा अभिमानानं म्हणाली की सवितालाही हसू आवरेना.

लाईट आली. मारुतरावांनी माईक कानाला लावला. आणि त्यावर सगळ्यांच्या आधी, उचकी लागल्यासारखं अडकून, मोनालीचं हसू सांडलं. मागून अख्खा मांडव हसला. ओसरीवरचे मारुतराव चमकले. आपण केलेल्या गमतीवर माणसं एवढी हसली होती, हे बिचाऱ्यांनी त्या दिवशी ऐकलंच नव्हतं.

मग फोटो. मारुतरावांनी उपरणं डोळ्याला लावलं. मांडव शांत. आणि त्या शांततेत बारीक, वर चढत जाणारा हुंदका.

मारुतराव टीव्हीच्या जवळ सरकले. कानातल्या यंत्रावर हात धरला. "हे… माझ्या पोरासाठी कोण रडतंय?"

"मोनाली, आबा," सम्राट म्हणाला. "मी शेजारीच बसलो व्हतो. मी सांगत व्हतो तुम्हाला. तुम्ही ऐकलं न्हाई."

पडद्यावर दगड पडला. टक्.

म्हाताऱ्यानं उपरणं तोंडाला लावलं. आता मात्र ओसरीवर कुणीच हसलं नाही, आणि टीव्हीसुद्धा नाही. माझ्या छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवली. मी गार झालेला चहा सायीसकट एका घोटात प्याले. असा गोड चहा मी जन्मात प्याले नाही.

मग एकेकाला घेतलं. रोहिदासला म्हटलं, "हळदीला कॅमेरा आमच्याकडं, मोबाईल दौंडला." त्यानं कान धरले. जावईबापूंना म्हटलं, "कांद्याची गोणी उपडी करून बघत जा." त्यांनी हसून हात जोडले. सविताला म्हटलं, "मी तुला चोर ठरवून आले व्हते, ते माघारी घेते. पण एक किडकी शेंग दावून आख्खं शेत किडकं म्हणू नये. जिथं जिथं तो तुकडा धाडलास, तिथं तिथं आता पुरी फिल्म धाड." ती म्हणाली, "आत्ताच धाडते मावशी." आणि खरंच मोबाईल काढला.

राहिले मारुतराव. ते उठून माझ्यासमोर आले. मोठा माणूस, पण हात कुठं ठेवावे ते कळत नव्हतं.

"तुळजाबाई, चुकलं माझं. काय दंड द्यायचा तो द्या."

मी पदर सारखा केला. सगळे ऐकत होते. ऐकावंच, म्हणून मी जरा मोठ्यानंच बोलले.

"मारुतराव, कान नवा घेतलात ते बरं केलंत. पण पोरीला 'का हसलीस' एवढं इचारायला तुमचं जुनं तोंडच पुरलं असतं. सोयरीक मोडलेली न्हाई. सुपारी माझ्या दारात फुटली आन् ती फुटल्याचा आवाज आज तुमच्या दारात पोचला. दंड एकच. हळदीच्या दिवशी पयल्या गाडीत तुम्ही बसायचं. भरल्या मांडवात माईक हातात घ्यायचा आन् तसाच कानाला लावायचा. माझी पोरगी हसंल. ते हसू ह्या खेपेला तुम्ही तिच्याकडं बघत ऐकायचं."